'तांत्रिक अडचणीमुळे संपर्क तुटला': वृत्तवाहिनीचा तंत्रविभाग नेमकं कोण चालवतं?

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतला, जानेवारीतला अक्षता सोहळा. संमती कट्ट्याभोवती पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सातही नंदीध्वज ओळीने उभे, आणि मंदिराच्या तळ्यापर्यंत नुसती डोकीच डोकी. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका मराठी वृत्तवाहिनीसाठी सोलापुरातून काम करायचो. पाठीवर बॅकपॅक, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून थेट चित्र पाठवणारं यंत्र, कानात इअरपीस, समोर कॅमेरा धरून माझा सहकारी. संमती वाचन सुरू झालं, 'सत्यम् सत्यम् दिड्डम् दिड्डम्'चा गजर उठला आणि हजारो हात एकदम वर गेले. अर्ध्या हातांत अक्षता, अर्ध्या हातांत मोबाइल.

बॅकपॅकला एक छोटा पडदा असतो. चित्र किती वेगाने मुंबईला चाललंय, त्याचा आकडा त्यावर दिसतो. गजर सुरू होईपर्यंत तो ४ एमबीपीएसवर होता. मग २ झाला. मग अर्ध्यावर आला. कानात मुंबईच्या इन्जेस्टमधल्या, म्हणजे बाहेरून येणारं चित्र उतरवून घेणाऱ्या कक्षातल्या, मुलाचा आवाज, "दादा, फ्रेम फ्रीज होतेय, जरा उंचावर जाता येईल का?" मी म्हटलं, "अरे, पाय ठेवायला जागा नाही इथं." सहकारी कॅमेऱ्यामागूनच ओरडला, "नेटवर्कच न्हाई की बे!" तेवढ्यात आकडा शून्यावर गेला. टीव्हीसमोर बसलेल्यांना एक थिजलेलं चित्र दिसलं आणि अँकरचं ते नेहमीचं वाक्य ऐकू आलं, 'तांत्रिक अडचणीमुळे संपर्क तुटलाय.'

हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की अडचण म्हणजे पावसासारखी आभाळातून पडलेली गोष्ट वाटते. पण त्या दिवशी संमती कट्ट्यावर जे झालं, ते कित्येक महिने आधी एका बैठकीत ठरून गेलं होतं. सोलापूरला बॅकपॅक द्यायचं, त्यात किती सिमकार्डं घालायची, पर्यायी लाइन घ्यायची की नाही, यावर कुणीतरी होय म्हटलं होतं आणि कुणीतरी नाही म्हटलं होतं. वृत्तवाहिनीचे चेहरे आपल्याला तोंडपाठ असतात. हे होय-नाही म्हणणारे लोक मात्र कुणालाच माहीत नसतात. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

आधी बॅकपॅक. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची बरीच सिमकार्डं एकत्र बसवलेली असतात. कॅमेऱ्याचं चित्र बारीक तुकड्यांत मोडलं जातं, ज्या सिमला जेवढी वाट मिळेल तेवढे तुकडे तिथून पाठवले जातात आणि मुंबईतलं यंत्र ते पुन्हा क्रमाने जोडतं. एका कंपनीचं नेटवर्क पडलं तर बाकीची सांभाळून घेतात. पण सगळ्याच कंपन्यांचे टॉवर एकाच गर्दीने एकाच क्षणी तुंबले, तर सहा सिम असून काय उपयोग? एसटी स्टँडवर सहा खिडक्या उघडल्या, पण बाहेरचा रस्ताच बंद असला तर गाडी कशी निघणार?

आता माणसांकडे वळू. बातम्या देणाऱ्या संस्थेत दोन वेगळ्या उतरंडी असतात. एक संपादकीय: संपादक, इनपुट (बातम्या गोळा करणारे), आउटपुट (त्या पडद्यावर आणणारे), असाइनमेंट (कुणाला कुठे पाठवायचं ते ठरवणारे), बातमीदार. दुसरी तंत्राची. आपल्याकडे हे सगळ्यात स्वच्छ आकाशवाणीत दिसतं. सोलापूरसारख्या केंद्रावरही कार्यक्रमाची बाजू वेगळी आणि अभियांत्रिकीची वेगळी. एका बाजूला केंद्र संचालक, दुसऱ्या बाजूला केंद्र अभियंता. काय ऐकवायचं ते पहिली बाजू ठरवते. ते हवेत जाईल आणि चालू राहील, ही जबाबदारी दुसरीची. खासगी वाहिन्यांत पदांची नावं बदलतात, पण गाडीची दोन चाकं हीच.

तंत्राच्या बाजूला सगळ्यात वर चीफ टेक्नॉलॉजी ऑफिसर किंवा ब्रॉडकास्ट टेक्नॉलॉजीचा प्रमुख असतो. त्याच्या हाताखाली साधारण चार-पाच माणसं एकेक खातं सांभाळतात.

पहिलं खातं चोवीस तास जागं असतं. बुलेटिन जिथून चालतं ती पीसीआर, म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूम, आणि वाहिनी जिथून शेवटी बाहेर पडते ती एमसीआर, म्हणजे मास्टर कंट्रोल रूम. जाहिरात वेळेवर लागली का, आवाज ठीक आहे का, पडदा काळा तर झाला नाही ना, हे एमसीआरमधला माणूस पाहतो. या खात्याचा प्रमुख हा पाळ्या लावणारा, रात्री तीनला फोन उचलणारा माणूस असतो.

दुसरं खातं फील्डचं: ओबी व्हॅन (बाहेरून थेट प्रक्षेपण करणारी गाडी), उपग्रहाची वेळ, बॅकपॅक, टॉकबॅक (स्टुडिओ आणि बातमीदार यांच्यातली बोलण्याची सोय). प्रेक्षकांना नेहमी पडणाऱ्या एका प्रश्नाचं उत्तर इथे आहे. अँकरने प्रश्न विचारला की बातमीदार दोन सेकंद नुसता बघत का राहतो? ओबी व्हॅनवरून जाणारा सिग्नल विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या भूस्थिर उपग्रहाकडे जातो आणि तिथून खाली येतो. म्हणजे ७२ हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणाऱ्या सिग्नललाही त्याला पाव सेकंद लागतो. त्यात चित्र दाबून लहान करणं आणि पुन्हा उलगडणं, याचा वेळ वाढतो. बॅकपॅकमध्ये तर ही वाट पाहण्याची वेळ माणूसच ठरवतो. ती कमी ठेवली तर गप्पा सुटसुटीत होतात, पण उशिरा आलेले तुकडे टाकून द्यावे लागतात आणि चित्र फाटतं. जास्त ठेवली तर चित्र स्वच्छ येतं, पण बातमीदार मठ्ठ दिसतो. बिचाऱ्याला प्रश्नच अजून ऐकू आलेला नसतो! शिवाय त्याच्या कानात वाहिनीचा आवाज पाठवताना त्याचा स्वतःचा आवाज वगळावा लागतो. याला मिक्स-मायनस म्हणतात. तो वगळायला कुणी विसरलं, तर बातमीदाराला स्वतःचंच वाक्य दोन सेकंदांनी ऐकू येतं आणि बोलणं अशक्य होतं. एकदा अनुभव घ्या, जीभ खरोखर अडखळते.

तिसरं खातं नेटवर्क आणि सुरक्षेचं, चौथं न्यूजरूमच्या सॉफ्टवेअरचं. पैशांचं गणित प्रमुखाकडेच राहतं आणि ते बहुतेक वेळा अपुरंच असतं, एवढं सांगून पुढे जातो. कारण न्यूजरूमचं सॉफ्टवेअर हा भाग बाहेरच्यांना सगळ्यात कमी माहीत आहे आणि सगळी वाहिनी त्याच्यावर चालते.

लग्नघर डोळ्यांपुढे आणा. भटजींकडे एक यादी, आचाऱ्याकडे एक, वाजंत्रीवाल्यांकडे एक, हॉलवाल्याकडे एक. मुहूर्त वीस मिनिटं पुढे गेला आणि आचाऱ्याला कुणी सांगितलंच नाही, तर पुऱ्या गार होतात. बुलेटिनची यादी म्हणजे रनडाउन. सात वाजताच्या बातम्यांत कोणती बातमी कितव्या क्रमांकाला, किती सेकंद, तिचं चित्र कोणतं, खाली पट्टीवर नाव कुणाचं, हे सगळं त्यात असतं. ही यादी अँकरच्या टेलिप्रॉम्प्टरला लागते, व्हिडिओ सोडणाऱ्या सर्व्हरला लागते, ग्राफिक्सच्या मशीनला लागते. आणि मुहूर्त तर रोज, दर पाच मिनिटांनी हलतो. सातला चार मिनिटं असताना ब्रेकिंग आलं, बाराव्या क्रमांकाची बातमी पहिली झाली. प्रॉम्प्टरने ऐकलं, ग्राफिक्सने ऐकलं नाही, की एका मंत्र्याच्या चेहऱ्याखाली अपघातात गेलेल्या माणसाचं नाव झळकतं. त्या माणसाच्या घरचे तेव्हा टीव्हीसमोर बसलेले असतात. म्हणून मी याला किरकोळ चूक मानत नाही.

हे सगळं एका जागी बांधणारं सॉफ्टवेअर बनवण्यात एका वृत्तसंस्थेनेच पुढाकार घेतला, याची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, १८४६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वर्तमानपत्रांनी एकत्र येऊन सुरू केली. दूरच्या बातम्या मिळवण्याचा खर्च वाटून घ्यायचा, ही कल्पना. सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला हे वेगळं समजवायला नको. साखर कारखाना किंवा दूध संघ असतो तशी ही सहकारी संस्था. सभासद म्हणजे अमेरिकेतली वर्तमानपत्रं आणि प्रसारक. नफा वाटायचा नाही, कामात घालायचा.

१९९० च्या दशकात बीबीसीला आपल्या विखुरलेल्या न्यूजरूमसाठी एकच प्रणाली हवी होती. रेडिओवाले वेगळं वापरत होते, टीव्हीवाले वेगळं. एपीच्या ब्रॉडकास्ट तंत्रविभागाने ते काम घेतलं आणि इलेक्ट्रॉनिक न्यूज प्रॉडक्शन सिस्टीम, म्हणजेच ईएनपीएस, तयार केली. पुढे ती जगातल्या शेकडो न्यूजरूमनी घेतली. बातम्या विकणारी संस्था बातम्या बनवण्याचं अवजारही विकू लागली. आपल्या यंत्रमागवाल्याने स्वतःच्या गरजेतून मागच सुधारावा आणि मग तो सुधारलेला माग पेठेत दुसऱ्यांनाही विकावा, तसंच हे.

असा विभाग चालवायला कशी माणसं लागली असतील याचा विचार करा. नुसता प्रोग्रॅमर असता तर त्याला कळलं नसतं की सातला चार मिनिटं असताना प्रोड्युसर माउस शोधत बसत नाही, त्याला एका बटणात काम हवं असतं. नुसता पत्रकार असता तर त्याला कळलं नसतं की अनेक लोक एकाच वेळी एकच यादी बदलतात तेव्हा आत काय गुंता होतो. म्हणून अशा विभागाच्या वरच्या फळीत डेस्कवर रात्रपाळी केलेला माणूस, ट्रान्समीटर आणि केबल हाताने जोडलेला इंजिनिअर आणि सॉफ्टवेअर जाणणारा, असे तिन्ही लागतात. आणि चौथा, ज्याला कुणी मोजत नाही: शिकवणारा. न्यूजरूममध्ये नवं सॉफ्टवेअर बसवणं म्हणजे धावत्या रेल्वेचं इंजिन बदलणं. दिवसपाळी, रात्रपाळी, सुट्टीवर गेलेले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, सगळ्यांना शिकवावं लागतं. चांगल्या तंत्रप्रमुखाचा एक अलिखित नियम असतो: मतमोजणीच्या आठवड्यात काहीही नवीन बसवायचं नाही. कुणीही कितीही गळ घातली तरी.

एपीच्या मंडळींनी आणखी एक मोठं काम केलं. प्रॉम्प्टर एका कंपनीचा, सर्व्हर दुसरीचा, ग्राफिक्स तिसरीचं. प्रत्येक जण आपलीच भाषा बोलणार. १९९८ मध्ये या कंपन्यांना एकत्र बसवून एक सामाईक बोली ठरवायला सुरुवात झाली. तिचं नाव मॉस, मीडिया ऑब्जेक्ट सर्व्हर प्रोटोकॉल. 'बारावी बातमी पहिली झाली' हा निरोप आता एका ठरावीक साच्यात सगळ्या यंत्रांना जातो आणि प्रत्येक यंत्र 'मिळाला' म्हणून कळवतं. सोलापूरच्या माणसाला सामाईक बोलीची किंमत कळते. इथे तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारे एकाच चौकात सौदा करतात, आणि सौदा होतो. आपली भाषा दुसऱ्यांसाठी खुली ठेवायची की ग्राहकाला आपल्याच सामानात अडकवून ठेवायचं, हा निर्णय इंजिनिअरचा नसतो, नेतृत्वाचा असतो. ती खुली ठेवली हे माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं योगदान.

पण नेतृत्वाची खरी परीक्षा होते ती घटना घडण्याच्या आधी. जानेवारी १९९१ मध्ये बगदादवर हल्ले सुरू झाले, तेव्हा सीएनएनचे तीन पत्रकार अल-रशीद हॉटेलच्या खोलीतून बोलत होते: बर्नार्ड शॉ, जॉन हॉलिमन आणि पीटर आर्नेट. थोड्याच वेळात इतर अमेरिकी वाहिन्यांचे फोन बंद पडले. सीएनएनचा आवाज चालूच राहिला. कारण साधं होतं. सीएनएनने आधीच इराकी अधिकाऱ्यांच्या मागे लागून 'फोर-वायर' नावाची स्वतंत्र लाइन मिळवली होती. शहराच्या नेहमीच्या टेलिफोन व्यवस्थेवर ती अवलंबून नव्हती. दोन तारा बोलायला, दोन ऐकायला. जग त्या रात्री तीन पत्रकारांचं धैर्य ऐकत होतं, आणि ते धैर्य खरंच होतं. पण ते ऐकू आलं, ते युद्ध सुरू होण्याआधी परवानगीचे अर्ज आणि लाइनचा खर्च यांच्या मागे लागलेल्या माणसांमुळे. लाइन मागितली तेव्हा युद्ध होईलच असं कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. तरी पैसे मोजले.

उलटं उदाहरण फ्रान्सचं. ८ एप्रिल २०१५ च्या रात्री टीव्ही५ माँद या फ्रेंच प्रसारकाच्या बाराही वाहिन्या एकदम काळ्या पडल्या. सायबर हल्ला होता, आणि हल्लेखोर जानेवारीपासूनच त्यांच्या नेटवर्कमध्ये शिरून सगळं न्याहाळत होते. त्या दिवशी संस्थेची एक नवी वाहिनी सुरू झाली होती, म्हणून तंत्रज्ञ रात्रीही इमारतीत होते. त्यांच्यातल्या एकाने हल्ला ज्या मशीनवरून चालला होता ते शोधलं आणि त्याची केबल उपटली. तेवढ्याने सगळं नेटवर्क नष्ट होण्यापासून वाचलं. वाहिनी पहाटे परत दिसू लागली, पण यंत्रणा सावरायला पुढे कित्येक महिने आणि प्रचंड खर्च लागला. संचालक इव्ह बिगो यांनी नंतर हे सगळं जाहीरपणे सांगितलं, ही त्यांची मोठी गोष्ट. लपवलं असतं तर बाकीच्यांनी काय शिकलं असतं? ब्रिटनची स्काय न्यूज १९ जुलै २०२४ च्या सकाळी काही काळ थेट प्रक्षेपण करू शकली नाही, तेव्हा तर हल्लाही नव्हता. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट आलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरात ८५ लाख संगणक बसले, त्यात त्यांचेही होते. तेव्हापासून 'अपडेट आधी एका मशीनवर, मग सगळीकडे' हा आग्रह धरणाऱ्या माणसाला बैठकीत कुणी कटकट्या म्हणू नये असं मला फार वाटतं.

तंत्रप्रमुखावर कायद्याचंही ओझं असतं. आपल्याकडे वाहिनीला दाखवलेल्या सगळ्या मजकुराची नोंद ९० दिवस जपून ठेवावी लागते. ते ठेवणारं यंत्र बंद पडलं तर उत्तर त्यानेच द्यायचं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या गेल्या, त्यावर पुष्कळ टीका झाली. मार्च २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण दाखवायचं नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढंच दाखवायचं. नियम कागदावर दोन ओळींचा आहे. पण तो पाळायला पीसीआरमध्ये असं बटण लागतं आणि असा माणूस लागतो, जो संपादक ओरडत असतानाही ते दाबू शकेल. त्या माणसाच्या मागे त्याचा प्रमुख उभा राहणार आहे, हे त्याला आधीपासून माहीत असावं लागतं.

आणि कुणाचा आवाज कुठवर जाईल हेही याच लोकांच्या हातात असतं. पीटर एकर्सली हे बीबीसीचे पहिले मुख्य अभियंता. ते १९२३ मध्ये रुजू झाले, तेव्हा रेडिओ मोठ्या शहरांच्या आसपासच नीट ऐकू यायचा. त्यांनी दीर्घलहरीचा शक्तिशाली ट्रान्समीटर उभा करायचा आग्रह धरला आणि १९२५ मध्ये डॅव्हेंट्रीला तो उभा राहिला. खेड्यापाड्यांतल्या लाखो घरांना पहिल्यांदा रेडिओ मिळाला. त्या निर्णयात एकही बातमी नव्हती. तरी बातमी कुणाला मिळणार, ते त्यातच ठरलं.

सोलापूरचं दुखणं याच जातीचं आहे. ओबी व्हॅन मुंबई-पुण्यात उभ्या असतात. बॅकपॅक मोजकीच, आणि ती कुठे ठेवायची हे वर्षाच्या सुरुवातीला ठरतं. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे आषाढीला सगळ्यांच्या गाड्या येतात, आणि द्वादशीला परत जातात. मग अक्कलकोट तालुक्यातल्या एखाद्या गावात विहीर कोसळली किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्याला आग लागली, तर तिथला बातमीदार मोबाइलवर चित्रण करून पाठवतो, आणि मुंबईत ते 'क्वालिटी नाही' म्हणून मागे पडतं. बातमी लहान होती म्हणून नव्हे. २०२२ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी ऑप्टिकल फायबर, बॅकपॅक, मोबाइल अशा साधनांनी चित्र पाठवायला वेगळी परवानगी लागणार नाही अशी सोय केली. कागदाची अडचण कमी झाली. आता प्रश्न उरतो तो बैठकीत सोलापूरचं नाव कोण घेतं एवढाच.

आमच्या वेळी ते घेतलं एका माणसाने. अक्षता सोहळ्याचं चित्र थिजलं, त्यानंतर मी रागाने एक लांबलचक ईमेल लिहिला होता. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. दिवाळीनंतर वाहिनीचे तंत्रप्रमुख स्वतः सिद्धेश्वर एक्स्प्रेसने आले. पन्नाशीचे गृहस्थ, हातात साधी कापडी पिशवी, तिच्यात सिग्नल मोजायचं यंत्र. स्टेशनवरून थेट संमती कट्ट्यावर चला म्हणाले. रिकाम्या पटांगणात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "गर्दी कुठपर्यंत असते? नंदीध्वज कुठून येतात? अक्षता पडतात तेव्हा तुम्ही नेमके कुठे उभे असता?" मी दाखवत गेलो, ते वहीत नकाशा काढत गेले. मग आजूबाजूची घरं पाहत फिरले. एका पहिल्या मजल्यावरच्या काकूंना नमस्कार करून म्हणाले, "मावशी, तुमच्याकडे ब्रॉडबँड आहे का? आम्हाला दोन दिवस एक वायर खिडकीतून सोडू द्याल का?" काकूंनी आधी चहा ठेवला, मग होय म्हटलं.

पुढच्या जानेवारीत त्याच खिडकीतून निळी वायर खाली आली होती, खांबाला सुतळीने बांधलेली, आणि तिचं टोक आमच्या बॅकपॅकमध्ये होतं. गजर उठला, हात वर गेले, मोबाइल वर गेले. सहाही सिम एकामागून एक लाल झाली. मी छोट्या पडद्याकडे पाहत होतो. आकडा ४ वर होता. अक्षता पडत राहिल्या आणि तो ४ वरच राहिला.